सासूबाईंना २०, सासऱ्यांना २७: स्मरणशक्तीच्या चाचणीत बायकांचे गुण कमी का येतात?

नागपूरच्या प्रतापनगर भागातून एका सूनबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सासूबाई ७६ वर्षांच्या, शिक्षण दुसरीपर्यंत. सासरे ७९ वर्षांचे, बी.ए., सरकारी नोकरीतून निवृत्त. ज्येष्ठांच्या एका शिबिरात दोघांची मेमरी टेस्ट झाली. ३० पैकी आईंना २०, बाबांना २७. आईंना डिमेन्शियाची सुरुवात आहे, बाबा नॉर्मल आहेत, असं सांगितलं. घरात मात्र उलटं दिसतं. आई दोघांच्या गोळ्या सांभाळतात, दुधाचा हिशोब तोंडी ठेवतात. बाबा महिन्याभरापूर्वी अंबाझरीहून फिरून येताना रस्ता चुकले. बायकांचे गुण नेहमीच कमी येतात का? बायकांचा मेंदू लवकर थकतो का? आईंना गोळी सुरू करावी का?" सोबत त्यांनी दोन्ही उत्तरपत्रिकांचे फोटो दिले आहेत.

ताई, आधी गोळीचं सांगते, कारण घाई त्याची आहे. या २० गुणांच्या जोरावर सासूबाईंना कोणतीही गोळी सुरू करू नका. आणि २७ गुण पाहून सासऱ्यांबद्दल निश्चिंतही राहू नका. डॉक्टरांची वेळ आधी सासऱ्यांसाठी घ्या. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. गेली २३ वर्षं नागपुरात वयस्कर माणसांच्या स्मरणशक्तीच्या, एकाग्रतेच्या, भाषेच्या चाचण्या घेते. नवरा-बायको एकाच दिवशी तपासले गेले, बायकोचे गुण कमी आले आणि घर हादरलं, हे माझ्यासमोर वारंवार येतं. तुम्ही उत्तरपत्रिकाच पाठवल्या हे फार बरं केलं. बहुतेक जण शेवटचा आकडा तेवढा सांगतात, आणि त्यावरून काही बोलायची माझी हिंमत होत नाही.

शिबिरात वापरली ती एमएमएसई नावाची चाचणी. १९७५ साली अमेरिकेत तयार झाली, दहा मिनिटांत होते, म्हणून जगभर चालते. २४ च्या खाली गुण गेले की शंका घ्यायची, असा जुना संकेत आहे. आता सासूबाईंचे दहा गुण कुठे गेले ते बघा. शंभरातून सात-सात वजा करत जा, याचे पाचच्या पाच गेले. कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा, याचा एक गेला. मनानं एक वाक्य लिहा, याचा एक. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढा, याचा एक. तारीख आणि साल, असे दोन. झाले दहा. तीन शब्द ऐकवून थोड्या वेळानं परत विचारले, ते तिन्ही त्यांनी सांगितलेत. वार, महिना, ऋतू बरोबर. वस्तूंची नावं बरोबर. कागद उजव्या हातात घ्या, घडी घाला, खाली ठेवा, ही तीन कामं ओळीनं बरोबर.

सासऱ्यांचे तीनच गुण गेले, पण तिन्ही एकाच जागचे. वजाबाकी बिनचूक, पंचकोन रेखीव, वाक्य मोत्यासारख्या अक्षरात. पण काही मिनिटांपूर्वी ऐकलेल्या तीन शब्दांपैकी एकही आठवला नाही. अल्झायमर म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात सुरुवातीला बहुधा हेच बिघडतं: नवं काही मनात टिकत नाही, आणि जुनं, घोटून घोटून पक्कं झालेलं शाबूत राहतं. त्यात ते रोजच्या वाटेवर चुकलेत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी २७ या आकड्याकडे बघत नाही.

सासूबाईंच्या गेलेल्या दहापैकी आठ गुण शाळेचे आहेत. उरलेले दोन भिंतीवरच्या इंग्रजी तारखेचे. स्मरणशक्तीचा एकही नाही.

१९६१ च्या जनगणनेत देशातले साधारण ४० टक्के पुरुष साक्षर होते, स्त्रिया १५ टक्के. सासूबाई तेव्हा शाळेत असायच्या वयाच्या. मोठ्या बहिणीनं धाकट्या भावंडांना सांभाळायचं, भावानं पाटी घेऊन जायचं, हे आपल्याकडच्या किती घरांत झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या वेळी जी पाटी हातात आली नाही, तिचे गुण आज पंचाहत्तरीत कापले जातात.

शाळेचा हा परिणाम किती मोठा असतो ते आकड्यात सांगते. १९९३ साली अमेरिकेत १८ हजारांहून जास्त प्रौढांचे याच चाचणीचे गुण प्रसिद्ध झाले. चार वर्षांपर्यंत शाळा झालेल्यांचा मधला आकडा होता २२. पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६. नऊ किंवा त्याहून जास्त वर्षं शिकलेल्यांचा २९. वय वाढतं तसे हे आकडे आणखी थोडे उतरतात. म्हणजे दुसरीपर्यंत शिकलेल्या ७६ वर्षांच्या बाईला २० मिळाले, तर ती आपल्यासारख्यांच्या रांगेत जवळपास जागेवरच उभी आहे. आणि बी.ए. झालेल्या माणसाला २७ मिळाले, तर तो आपल्यासारख्यांच्या पुढे नाही, किंचित मागेच आहे. २० आणि २७ एकमेकांशेजारी ठेवून नवरा-बायकोची तुलना करण्यात अर्थ नाही. प्रत्येकाची तुलना आपल्यासारख्यांशी करायची, आणि त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे पाच-दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःशी.

मग बाई-पुरुषांत खरा फरक काहीच नाही का? आहे. तो मात्र लोक समजतात तसा नाही. ज्या समाजांत मुली मुलांइतक्याच शिकल्या, तिथे शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत स्त्रिया सरासरीनं पुरुषांच्या पुढे असतात. दहा-पंधरा शब्दांची यादी ऐकवायची, थोड्या वेळानं परत विचारायची, यात म्हाताऱ्या स्त्रियाही म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा जास्त शब्द सांगतात. आकृती मनातल्या मनात फिरवून बघणं, जागेचा अंदाज घेणं, यांत पुरुष सरासरीनं पुढे. हे सगळं सरासरीचं झालं. एकेका माणसावरून यातलं काही ठरवता येत नाही.

युरोपातल्या अनेक देशांतल्या पन्नाशीपुढच्या लोकांची माहिती २०१४ साली एकत्र मांडली गेली, ती मला फार बोलकी वाटते. ज्या काळात आणि ज्या प्रदेशांत राहणीमान सुधारलं, मुलींचं शिक्षण वाढलं, तिथे शब्दस्मृतीतली स्त्रियांची आघाडी वाढली, आकडेमोडीतली पिछाडी कमी झाली. मेंदू तोच. त्याला मिळालेलं बालपण बदललं.

आपल्याकडे चित्र उलटं दिसतं. उतारवयातल्या भारतीय स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा सरासरीनं कमी येतात, अगदी शब्दस्मृतीतसुद्धा. शिक्षणाचा फरक हिशोबातून काढला की ही दरी बरीच मिटते. उत्तर भारतात मात्र तरीही थोडी उरते. ती खाण्यापिण्याची, आजारपणात कुणाला आधी दवाखान्यात नेलं याची, घराबाहेर पडू दिलं की नाही याची दरी आहे, असं मला इतक्या वर्षांत पटलेलं आहे.

पण शाळा नव्हती म्हणून सगळं माफ, असंही धरून चालू नका. कमी शिक्षण हा डिमेन्शिया होण्याचाही एक धोका मानला जातो. देशभर झालेल्या पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. त्यात स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. त्यामुळे न शिकलेल्या आजीचे गुण कमी आले तर "शाळेत गेली नाही ना, म्हणून" असं म्हणून फाइल मिटवणं हीसुद्धा चूकच. तिची तपासणी तिला जमेल अशा पद्धतीनं पुन्हा करायची, हे काम उरतंच.

ते कसं करायचं हे आपल्या देशात फार पूर्वीच शोधलं गेलं आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत नव्वदीच्या दशकात भारत आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एमएमएसईचं हिंदी रूप तयार केलं, एचएमएसई. ज्यांच्यासाठी केलं त्यांतले बहुतेक जण निरक्षर होते. म्हणून शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन. वाचून डोळे मिटा म्हणण्याऐवजी, माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा. वाक्य लिहिण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. इतकं साधं. तरी आजही कितीतरी शिबिरांत दुसरी शिकलेल्या बाईसमोर पंचकोनाचा कागदच सरकवला जातो. दर वेळी मला याचं वाईट वाटतं. त्या बाईंना काय वाटतं ते मी समोर बसून बघितलंय. पेन्सिल हातात घेऊन त्या आधी माझ्याकडे बघतात, मग दाराकडे.

तारखेचं एक उदाहरण देते. कुणाची ओळख पटू नये म्हणून इथले सगळे तपशील थोडे बदललेत. उमरेडकडच्या एका आजी आल्या होत्या. तारीख विचारली तर म्हणाल्या, "तारीख मले नाही समजत बाई." मी विचारलं, मग आज काय आहे? तर लगेच, "काल संकष्टी होती. चंद्र लय उशिरा निघाला, उपास सोडाले साडेनऊ झाले. आज पंचमी. मंगळवार." मी भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहिलं. पंचमी, मंगळवार. काळाचं भान आहे की नाही हे तपासायला आम्ही तारीख विचारतो, आणि हे भान त्यांच्याइतकं पक्कं त्या खोलीत कुणाचंच नव्हतं. छापील कागदावर मात्र त्या ओळीला शून्य. तेव्हापासून मी तिथी विचारते, शेवटचा उपास कधी झाला ते विचारते, बाजाराचा वार विचारते. नागपुरात आणखी एक जपावं लागतं. इतवारीतल्या हिंदी भाषिक किंवा मारवाडी घरातल्या आजी पौर्णिमेनंतर लगेच नवा महिना धरतात, आपण अमावस्येनंतर. त्या म्हणतात सावन लागला, मराठी पंचांगात अजून आषाढ वद्य असतो. तपासणाऱ्याला हे माहीत नसेल तर बरोबर उत्तराला तो चूक म्हणतो.

पंचकोनाऐवजी मी काडेपेटीच्या काड्या वापरते. मी चार काड्यांची आकृती मांडते, समोरच्यानं तशीच मांडायची. पेन्सिल न धरलेल्या हातालाही हे जमतं, आणि जमलं नाही तर ते दुखणं खरं असण्याची शक्यता वाढते. काही जण सुचवतात की बायकांना रांगोळीच काढायला लावा. मोह मलाही होतो, पण साठ वर्षं रोज दारात काढलेली ठिपक्यांची रांगोळी हातात मुरलेली असते. डोकं थकलं तरी ती बराच काळ हातातून उतरत राहते. त्यामुळे रांगोळी आली म्हणजे सगळं ठीक, असं समजता येत नाही. नवी रचना बघून मांडता येते का, ते बघावं लागतं.

एका मिनिटात जितकी नावं आठवतील तितकी सांगा, ही चाचणी तुम्ही घरातही ऐकली असेल. इथे कशाची नावं विचारली यावर बरंच ठरतं. फळांची नावं विचारली तर स्त्रिया पुढे राहतात, हत्यारांची विचारली तर पुरुष. गोकुळपेठच्या बाजारात चाळीस वर्षं पिशवी घेऊन फिरलेल्या बाईला भाज्या विचारा, ती मेथी, पालक, चवळी, आंबटचुका करत श्वास न घेता मिनिट भरून टाकेल. तिच्या नवऱ्याला विचारा, पाच-सहा भाज्यांवर थांबेल. दोघांचे मेंदू त्या मिनिटात काही बदललेले नसतात. प्राण्यांची नावं म्हणूनच जास्त वापरली जातात, ती दोघांनाही बरीचशी सारखी.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट: खोलीत कोण बसलंय. शिबिरात सासूबाईंची चाचणी चालू असताना सासरे शेजारच्या खुर्चीत होते का, हे जरूर आठवून बघा. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये एक खूण दिसते. प्रश्न विचारला की ते उत्तरासाठी सोबतच्या माणसाकडे मान वळवतात. डॉक्टर ती खूण मुद्दाम टिपतात. आपल्याकडच्या सत्तरीतल्या कितीतरी बायका मात्र आयुष्यभर तशाच वागत आल्यात. पाहुण्यानं नाव विचारलं तरी आधी नवऱ्याकडे बघायचं, "हे सांगतील" म्हणायचं. ही रीत झाली, आजार नव्हे. ओळखायचं कसं? नवऱ्याला बाहेर चहाला पाठवायचं. ज्यांची ती सवय होती त्या दहा मिनिटांत मोकळ्या होतात, घरातल्या चार गोष्टी सांगतात, उत्तरं सुधारतात. ज्यांना खरंच आठवत नाही त्या दाराकडे बघत राहतात. पुरुषांमध्ये ही खूण दिसली तर मी जास्त सावध होते, कारण त्या पिढीतल्या पुरुषाला बायकोकडे बघून उत्तर द्यायची सवय नसते.

आणि सगळ्याच बायकांचे गुण चुकून कमी येतात असंही नाही. उलट्या बाजूची चूक माझ्या हातून झालेली आहे. एक निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, एम.ए. झालेल्या. मुलगी घेऊन आली, म्हणाली आई तीच गोष्ट फोनवर तीनदा सांगते, यंदा दिवाळीचा फराळ केलाच नाही, नको म्हणाली. चाचणीत बाईंना २८ मिळाले. तिन्ही शब्द सांगितले. बोलणं इतकं सुरेख, की मी मुलीला म्हटलं, काळजीचं कारण दिसत नाही, एकटेपणा असेल. दीड वर्षानं त्या पुन्हा आल्या तेव्हा नातीचं नाव चुकत होत्या. एमआरआयमध्ये स्मरणाशी संबंधित भाग आक्रसलेला स्पष्ट दिसत होता. मुलीनं मला दोष दिला नाही. मी मात्र तो दिवस विसरलेले नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे फक्त माझ्याच बाबतीत झालेलं नाही. शिकलेल्या स्त्रियांची शब्दस्मृती मुळात दणकट असते, त्यामुळे मेंदूत बिघाड सुरू झाला तरी शब्दांच्या चाचणीत त्या पुरुषांपेक्षा जास्त काळ तग धरतात. मेंदू तितकाच आक्रसलेला असताना पुरुष नापास होतो, बाई पास होते. मग ही पुंजी संपली की घसरण वेगानं दिसते, आणि तोवर उशीर झालेला असतो. एकाच मापानं सगळ्यांना मोजलं की न शिकलेल्या बाईवर नसलेला आजार लादला जातो आणि शिकलेल्या बाईचा असलेला आजार नजरेआड होतो. आता शिकलेली स्त्री आली की मी तीन शब्दांवर थांबत नाही. पंधरा शब्दांची यादी देते, अर्ध्या तासानं परत विचारते, आकृत्याही लक्षात ठेवायला देते, आणि तिचे गुण शिकलेल्या स्त्रियांच्याच गुणांशी ताडून बघते. आणि फराळ का केला नाही, हे खोदून विचारते. चकली, शंकरपाळे, लाडू, चिवडा चार दिवसांत उरकायचे म्हणजे सामान आधी आणायचं, भाजणी दळायची, कोणतं आधी कोणतं नंतर ते ठरवायचं. रोजचा वरण-भात सवयीनं होत राहतो, पण अशी गुंतागुंतीची कामं बाई कारण न सांगता सोडून देऊ लागली तर ते माझ्या कागदावरच्या गुणांपेक्षा लवकर बोलतं.

घरातल्या कामावरून आजार ओळखण्याची एक जुनी मोजपट्टी आहे, १९६९ सालची, अजून सर्रास वापरली जाते. त्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे अशी आठ कामं आहेत. मूळ पद्धतीत स्त्रियांना आठांपैकी गुण देत आणि पुरुषांना पाचांपैकी, कारण स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं त्यांच्याकडून अपेक्षितच नव्हतं. अमेरिकेत हा प्रकार, मग आपल्याकडचं काय सांगावं! पुरुषाचा आजार आपल्या घरांत लपून राहतो तो इथेच. सासऱ्यांचे कपडे कोण काढून ठेवतं? गोळी हातावर कोण देतं? बँकेच्या पुस्तकाची आठवण कोण करतं? तुम्हीच लिहिलंय, दोघांच्या गोळ्या आई सांभाळतात. सासऱ्यांच्या चुका कदाचित वर्षभरापासून सासूबाई झाकत असतील, मुद्दाम नव्हे, सवयीनं. घरात सावरायला त्या होत्या. अंबाझरीहून परत येताना सोबत कुणी नव्हतं, म्हणून ते पहिल्यांदा उघड्यावर आलं.

याच्या उलट, पुष्कळ घरांत सून आली की सासूच्या हातून स्वयंपाकघर काढून घेतलं जातं, प्रेमानं, आराम करा म्हणून. मग तिला काय येत नाहीसं झालं हे कुणाला कळतच नाही. तुमच्या घरी तसं नाही, हे सासूबाईंच्या दृष्टीनं फार चांगलं आहे. दुधाचा हिशोब त्यांच्याकडेच राहू द्या.

बायकांचा मेंदू लवकर थकतो का, या प्रश्नाबद्दल एवढंच: अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांपैकी साधारण दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. याचं एक मोठं कारण म्हणजे स्त्रिया जास्त जगतात, आणि हा आजार वयाबरोबर वाढतो. संप्रेरकांचाही काही वाटा असावा. नैसर्गिक पाळी जाण्याआधीच दोन्ही बीजकोश काढलेल्या स्त्रियांमध्ये धोका वाढलेला आढळला आहे. म्हणून पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर कोणत्या वयात झालं आणि बीजकोश ठेवले की काढले, हे डॉक्टरांना नक्की सांगा. आपल्याकडे चाळिशीच्या आत ऑपरेशन झालेल्या बायका कमी नाहीत, आणि हे त्यांना कुणी विचारत नाही.

आता करायचं काय. सासऱ्यांना या आठवड्यातच मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. रस्ता चुकले तो दिवस, वेळ, नेमकं काय झालं ते लिहून न्या. "वय झालं, साठी बुद्धी नाठी" असं ते स्वतः हसून म्हणतील, डॉक्टरांशी उत्तम बोलतील, राजकारणावर चर्चाही करतील. त्यामुळे तुम्ही किंवा तुमच्या पतींनी डॉक्टरांशी वेगळं बोलणं गरजेचं आहे. सासूबाईंनाही वेगळं विचारायला सांगा, नवऱ्यासमोर त्या त्यांचं उणं सांगणार नाहीत. तोवर सासऱ्यांना एकटं लांब जाऊ देऊ नका. खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

रक्ताच्या तपासण्या दोघांच्याही करून घ्या: बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृताच्या. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ खूप कमी निघतं. थायरॉइडचा त्रास स्त्रियांमध्ये जास्त. दोन्हींमुळे विसरायला होतं आणि दोन्ही सुधारतात. झोपेच्या किंवा लघवीच्या तक्रारीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच सोबत न्या, त्यांतल्या काही डोक्यावर परिणाम करतात. म्हाताऱ्या बाईचं वागणं एकदोन दिवसांतच बदललं, ती भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग तपासायचा असतो, मेमरी टेस्ट नंतर.

सासूबाईंची चाचणी पुन्हा करायची, पण मराठीत, कमी शिकलेल्यांसाठी असलेल्या पद्धतीनं, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून. सकाळी, न्याहारी झाल्यावर. चष्मा घालून. मोतीबिंदू किंवा ऐकू कमी येण्याचा त्रास असेल तर आधी त्याचं बघा. न ऐकलेला शब्द कुणालाच आठवत नाही, आणि बायका ऐकू येत नाही हे सांगत नाहीत, अंदाजानं मान डोलावतात. तपासणाऱ्यानं तोंडावर मास्क लावला असेल तर काढायला सांगा, ओठ बघून त्यांना शब्द कळतात. घरून निघताना परीक्षा, टेस्ट हे शब्द वापरू नका. रक्तदाब दाखवायला जातो तसंच जायचं आहे, थोड्या गप्पा विचारतील, असं सांगा, ते खरंही आहे. मन उदास आहे का, झोप लागते का, हेही त्याच भेटीत विचारलं जायला हवं. उदासीमुळे आलेला विसराळूपणा डिमेन्शियासारखाच दिसतो, आणि बायकांमध्ये उदासी जास्त आढळते.

त्यांचे नवे गुण नीट आले तर ते जपून ठेवा. वर्षभरानं त्याच पद्धतीनं पुन्हा चाचणी करा. त्यांची खरी तुलना तेव्हा होईल, त्यांची त्यांच्याशीच.

गोळीबद्दल शेवटचं. डिमेन्शियात देतात ती डोनेपेझिल ही गोळी नाडी मंदावू शकते, म्हणून सुरू करण्याआधी ईसीजी काढलेला असावा. निदान झालं आणि डॉक्टरांनी लिहून दिली तर जरूर घ्या, तिचा उपयोग होतो. पण ती निदानानंतरची गोष्ट आहे. शिबिरातल्या दहा मिनिटांच्या चाचणीला निदान म्हणत नाहीत, तिथून फक्त पुढे तपासायचं की नाही एवढं ठरतं.

दोघांच्या मूळ उत्तरपत्रिका सांभाळून ठेवा, फोटो नव्हे, कागदच. सासऱ्यांनी काढलेले पंचकोन आणि लिहिलेलं वाक्य पुढच्या डॉक्टरांना लागेल. आणि सासूबाईंच्या कागदावर शिबिरातल्या कुणीतरी पेनानं "डिमेन्शिया?" असं लिहिलंय, तो कागद त्यांच्या हाती पडू देऊ नका. दुसरी शिकल्या असल्या तरी एवढं त्या वाचू शकतील.